सहकुटुंब, सहपरिवार

डेबियन या लिनक्स प्रणालीवर एखादं चिमुकलं पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचं गाठोडं, बसवायला जावं आणि त्याच्यामागे सोबत येणाऱ्या पॅकेजांची हातभर यादी उमटावी, की मला लग्नपत्रिकेवरचं 'सहकुटुंब, सहपरिवार' आठवतं. बोलावलं एकाला, उतरली अख्खी जीप.

एमडीॲडमचंच बघा. दोन हार्डडिस्कची रेड, म्हणजे एकत्र जुंपलेली जोडी, सांभाळणारं हे गुणी पॅकेज, पण त्याच्या पाठोपाठ एक्झिम नावाचा मेल सर्व्हर घरात शिरतो. कपाटावर धूळ खात पडलेल्या माझ्या सर्व्हरला टपालखातं कशाला हवंय? 'ॲप्टिट्यूड व्हाय' ही आज्ञा देऊन 'हे का आलं?' असं विचारलं, तर उत्तर येतं : रेकमेंड्स. म्हणजे सक्ती नव्हे, शिफारस. डेबियनमध्ये डिपेंड्स म्हणजे त्याशिवाय पान हलत नाही, सजेस्ट्स म्हणजे जमलं तर बघा, आणि मधलं हे रेकमेंड्स. २००९ च्या लेनी आवृत्तीपासून ॲप्ट हा डेबियनचा पॅकेजं आणून बसवणारा प्रोग्रॅम; ते शिफारशीही न विचारता घेऊन येतं. जागा खाण्याचं खरं मूळ बहुतेकदा तिथे असतं.

पण शिफारस करणाऱ्याचंही ऐकून घ्यावं. रात्री डिस्कने मान टाकली तर मालकाला कळवायचं कोणी? एमडीॲडम मेल पाठवतं, म्हणून त्याला मेल नेणारं कोणीतरी लागतं. ते एक्झिमच हवं असा त्याचा हट्ट नाही; डेबियनची ती ठरलेली निवड, एवढंच.

'नो इन्स्टॉल रेकमेंड्स' हा पर्याय जोडला की शिफारसवाले दाराबाहेर राहतात. तो ॲप्टच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फायलीत, कायमचा लिहून टाकणारे शूर लोक आहेत. मी त्यांतला नाही. डॉकरच्या इमेज, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं भरलेल्या तयार पेट्या, सडपातळ ठेवायला तो सर्रास लावतात आणि मग फायली उतरवून घेणारं डब्ल्यूगेट एचटीटीपीएसच्या पत्त्यावर सर्टिफिकेटवरून अडून बसतं. कारण संकेतस्थळांची ओळख पटवायला लागणारं सीए-सर्टिफिकेट्स हे पॅकेजही त्याच्या रेकमेंड्समध्येच! म्हणून मी दर वेळी यादी वाचतो आणि मगच नाही म्हणतो.

नको असलेलं पॅकेज थेट डिपेंड्समध्येच बसलेलं असलं तर? त्यावर इक्विव्ह्ज नावाचं एक अस्सल डेबियनी औषध आहे. 'इक्विव्ह्ज-कंट्रोल' एक कोरा नमुना देतं. त्यात पॅकेजचं नाव टाकायचं आणि प्रोव्हाइड्सच्या, म्हणजे 'हे काय पुरवतं' त्या ओळीत बिनदिक्कत लिहायचं : मेल-ट्रान्स्पोर्ट-एजंट, अर्थात मेल नेणारा. 'इक्विव्ह्ज-बिल्ड' त्याचं रीतसर पॅकेज बांधून देतं. आत कामाचं काहीच नाही, पण कागदपत्रं चोख. ॲप्ट ती बघतं आणि समाधानाने पुढे जातं. असली अधिकृत थाप मारायची सोय डेबियनच्या स्वतःच्याच भांडारात मिळते, याचं मला भारी कौतुक आहे.

अर्थात कागदोपत्री पोस्टमन पत्र पोचवत नाही. म्हणून एमडीॲडमच्या कॉन्फिगमध्ये 'प्रोग्रॅम'ची ओळ लिहायची आणि तिथे आपली चार ओळींची स्क्रिप्ट द्यायची. डिस्क गेली की ती स्क्रिप्ट चालते आणि माझा फोन वाजतो.