विदर्सबाई आणि पेंग्विनचा हौद

'द पेंग्विन पूल मर्डर' हा आरकेओ कंपनीचा 1932 सालचा चित्रपट. सव्वा तासाच्या आत संपतो. खर्च बेताचा, गोष्ट बरीचशी मत्स्यालय, पोलिसांची कचेरी आणि कोर्ट एवढ्यातच घडते. तरी सध्या भेटेल त्याला मी त्याच्याविषयी सांगते आहे, कारण त्यात खुनाचा छडा लावते ती शाळेतली बाई. पन्नाशीला टेकलेली, लग्न न केलेली, हातात छत्री, डोक्यावर हॅट, आणि नजर अशी की मागच्या बाकावरच्या पोराने डेस्कखालचा हात आपणहून वर घ्यावा. नाव मिस हिल्डगार्ड विदर्स. मी त्यांना विदर्सबाईच म्हणते.

बाई वर्ग घेऊन न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात सहलीला आल्या आहेत. हे मत्स्यालय खरोखरच होतं. बॅटरी पार्कमधल्या जुन्या गोल किल्ल्यात ते 1896 ते 1941 पर्यंत चाललं. त्याआधी त्याच इमारतीत बोटीने अमेरिकेत आलेल्या लोकांची नोंद व्हायची. तर, मुलं मासे बघताहेत, तेवढ्यात एक पाकीटमार धावत येतो आणि बाई शांतपणे छत्री आडवी घालून त्याला पाडतात. मग त्यांची हॅटपिन, म्हणजे हॅट केसांत अडकवायची लांब टाचणी, हरवते. मुलांकडून शोधाशोध, त्यांच्यातल्याच एकाला ती सापडते. आणि थोड्याच वेळात पेंग्विनच्या हौदात एका शेअर दलालाचं प्रेत पडतं. पुढे कळतं की त्याच्या कानातून हॅटपिन खुपसली होती, आणि ती पिन बाईंचीच. म्हणजे ज्या बाईंनी सगळं पाहिलं, त्याच या भानगडीत ओढल्या जातात.

मी सत्तावीस वर्षं पुण्यात भूगोल शिकवला. आठवीचा वर्ग घेऊन शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात गेलं, की मुलं अडकित्ते आणि दिवे बघायची आणि मी मुलं बघायची. कोण कोणाच्या कानाशी लागतंय, कोणाचा डबा कोणाच्या पिशवीत गेलाय, जिन्यावर आवाज अचानक का थांबला. पोरं गडबड करतात तेव्हा बाईंना काळजी नसते, पोरं गप्प झाली की असते. विदर्सबाई मत्स्यालयात जशा उभ्या राहतात, मान जराशी वर, पुढच्यांशी बोलताना लक्ष मागच्या दोघांवर, ते उभं राहणं मला ओळखीचं आहे. त्यांना हेरगिरी वेगळी शिकावी लागत नाही. वर्ग सांभाळताना जे अंगात मुरलं, तेच त्या वापरतात, आणि चित्रपट ते पूर्ण गांभीर्याने घेतो.

याचं एक उदाहरण माझ्याकडेही आहे. सहामाहीला महाराष्ट्राचा नकाशा भरायला दिला होता. शेजारी बसणाऱ्या दोन मुलींनी उजनी धरण भीमेऐवजी नीरेवर दाखवलं होतं. बरोबर उत्तर सारखं असलं तर शंका घ्यायला जागा नसते. चूक सारखी निघाली की पेपर बाजूला काढायचा. दोन्ही नकाशे खिडकीशी नेऊन तिरपे धरले. एकीचा नीरेवरचा ठिपका एकाच दाबात, ठाम. दुसरीच्या कागदावर भीमेपाशी खोडरबराने जागा जराशी गुळगुळीत झालेली, आणि तिथे पेन्सिलीचा पुसट खड्डा. म्हणजे हिने आधी बरोबर जागी ठिपका दिला होता, मग शेजारणीचं बघून खोडला आणि चुकीच्या जागी नेला. मी तिला कॉपीबद्दल बोलले नाही. "तुझं बरोबर होतं, का खोडलंस?" एवढंच विचारलं. ती इतकी रडली की शेवटी पाणी द्यावं लागलं. पुढच्या वर्षी ती वर्गात पहिली आली, असं काही झालं नाही, पण उत्तरं खोडायची थांबली.

म्हणूनच इन्स्पेक्टर पायपर आणि विदर्सबाईंच्या जुगलबंदीत मला नुसता विनोद दिसत नाही. जेम्स ग्लीसनने हा पायपर झकास केलाय. चिडका, घाईचा, पहिला संशयित हाती लागला की केस मिटली म्हणणारा. बाई त्याला तसं करू देत नाहीत. त्याचा निष्कर्ष त्या कच्च्या विद्यार्थ्याच्या वहीसारखा तपासतात आणि परत करतात. तो वैतागतो, पण वही पुन्हा आणून दाखवतो. आमच्याकडच्या रहस्यकथांमध्ये, बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार घ्या किंवा काळापहाड, वेषांतरं आणि मारामाऱ्यांची धमाल आहे, आणि लहानपणी ती पुस्तकं मी अधाशासारखी वाचली. पण खुन्यापर्यंत निव्वळ बारकाईने पोचणारी अशी बाई मला तिथे भेटली नव्हती.

विदर्सबाई झालेली एडना मे ऑलिव्हर ही नटी या कामासाठीच जन्माला आली होती. लांबट चेहरा, नाकातून एक हलका हुंकार, आणि चेहऱ्यावर काहीही न हलवता समोरच्याचं बोलणं थांबवण्याची ताकद. पुढे तिने मोठ्या चित्रपटांत कडक आत्या-मावश्या खूप केल्या, 1935च्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधली बेट्सी ट्रॉटवूड त्यांतली सर्वांत गाजलेली. पण तिथे ती कडेला असते. इथे गोष्ट तिची आहे. त्या सुमारास आरकेओमध्ये 'किंग काँग'ही तयार होत होता आणि त्यातला रॉबर्ट आर्मस्ट्राँग इथे वकिलाच्या कामात आहे. तिकडे अवाढव्य गोरिला, इकडे एक पिन, एक छत्री आणि काही पेंग्विन. या काटकसरीचा चित्रपटाला फायदाच झालाय. बघण्यासारखं फार काही नसल्यामुळे आपण माणसांकडे बघतो, बाई बघतात तसं. खुनी कोण हे मी सांगणार नाही. तो ज्या युक्तीने सापडतो ती मात्र अस्सल शिक्षकी आहे, अभ्यास न करता उत्तर ठाऊक असणाऱ्या मुलाला पकडायची.

शेवटी पायपर बाईंना मागणी घालतो. पुढच्या चित्रपटांत त्या लग्नाचं नावही निघत नाही. दोघं पुन्हा आपापल्या घरी राहतात आणि प्रेताशेजारी उभे राहून भांडतात. मला तेच आवडलं. या दोघांची जवळीक भांडणात आहे.

मालिकेत एकूण सहा चित्रपट झाले, पायपर सहाही वेळा ग्लीसनच. ऑलिव्हर पहिल्या तिघांत आहे. मग एका चित्रपटात हेलन ब्रॉडरिक आली आणि शेवटच्या दोन्हींत झासू पिट्स. पिट्स चांगली विनोदी नटी, तिचे ते घाबरेघुबरे हात प्रसिद्धच होते. पण घाबऱ्या हातांची विदर्सबाई कशी चालेल? मी तिचा एक अर्धा पाहिला आणि बंद केला. सुरुवात करणाऱ्यांनी पहिले तीनच बघावेत.

दुसरा, 1934चा 'मर्डर ऑन द ब्लॅकबोर्ड', तर थेट शाळेतच घडतो. संगीताच्या बाईंचा खून होतो आणि फळ्यावर लिहिलेल्या सुरावटीत धागा सापडतो. आमच्या शाळेतल्या संगीताच्या बाईंना तो दाखवायचं ठरलंय. पुढच्या रविवारी दुपारी त्या येणार आहेत, आणि फळा दिसला की चित्रपट थांबवायचा, असं बजावून पेटीही बरोबर आणणार आहेत.