टाकीचे नोड एकमेकांना बाहेर का काढत होते: सामायिक सेन्सर, पुढचा अपडेट

बी विंगच्या टाकीचा नोड (पाण्याची पातळी मोजून वायफायवरून कळवणारं छोटं उपकरण) अखेर ऑनलाइन टिकला. लक्षण असं होतं: ए आणि बी दोन्ही नोड चालू असले की एक ऑनलाइन, दुसरा ऑफलाइन, पाच सेकंदांनी उलट. एकटा कुठलाही नोड लावा, छान चालतो.

संशय आधी वायफायवर गेला. पण गच्चीवर सिग्नल उणे ६७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) आहे, एवढा पुरतो. शिवाय वायफाय तुटतं ते अनियमित. इथे ठेका पक्का पाच सेकंदांचा होता आणि नोडच्या कोडमधलं रीकनेक्टचं (तुटल्यावर पुन्हा जोडायचं) अंतरही पाचच सेकंद. म्हणजे एक आत आला की दुसऱ्याची हकालपट्टी होत होती.

एमक्यूटीटीचा, म्हणजे नोड ज्या पद्धतीने संदेश पाठवतात तिचा, नियमच तसा आहे. त्याच क्लायंट आयडीने (जोडणाऱ्या उपकरणाच्या ओळखीने) दुसरा आला की ब्रोकर, म्हणजे संदेश वाटणारा सर्व्हर, पहिल्याचं कनेक्शन तोडतो. पण आपले आयडी मॅक ॲड्रेसवरून (प्रत्येक वायफाय उपकरणाचा वेगळा क्रमांक) बनतात, सिरीयल मॉनिटरवरही (नोड संगणकाला जोडून पाहिलेल्या नोंदींतही) ते वेगवेगळे दिसत होते. कोडं इथेच अडलं होतं.

सुटलं ते मॉस्किटोच्या (आपल्या ब्रोकरच्या) लॉगमध्ये. नवा क्लायंट जोडल्याच्या ओळीत ‘ॲज’ या शब्दानंतर मॅकवाला आयडी हवा होता. तिथे दोन्ही नोडना ‘टाकी’ होतं, म्हणजे युजरनेम. ब्रोकरच्या कॉन्फिगमध्ये ‘यूज_युजरनेम_ॲज_क्लायंटआयडी’ ट्रू होतं. हा पर्याय लावला की नोडने पाठवलेला आयडी बाजूला पडतो आणि युजरनेमच आयडी बनतं. पर्याय वाईट नाही, कुणी दुसऱ्याचा आयडी वापरून त्याला हुसकावू शकत नाही. अट एकच, प्रत्येक उपकरणाला स्वतःचं युजरनेम हवं. म्हणून पर्याय तसाच ठेवला आणि ‘मॉस्किटो_पासडब्ल्यूडी’ या कमांडने टाकी-ए, टाकी-बी, हौद असे वेगळे युजर केले. एसीएलमध्येही (कुणी काय वाचायचं-लिहायचं याच्या यादीत) प्रत्येकाला फक्त स्वतःच्या टॉपिकवर (संदेशांच्या विषयावर) लिहायची मुभा, बाकी घरांच्या डॅशबोर्डना फक्त वाचायची. सेवा रीस्टार्ट केली आणि ठेका थांबला!

हे पंपालाही जाचत होतं. कनेक्शन असं तोडलं गेलं की ब्रोकर त्या नोडने आधीच देऊन ठेवलेला ‘विल’ संदेश, म्हणजे ‘ऑफलाइन’, सगळ्यांना पाठवतो. पातळी कळत नसेल तर पंप बंद, हा आपला नियम. त्यामुळे काँटॅक्टर (पंपाचा विजेचा स्विच) सारखा पडत-उचलत होता. आता ‘ऑफलाइन’ सलग ३० सेकंद राहिलं तरच पंप बंद होतो.

रिटेन फ्लॅगबद्दल (ब्रोकरने शेवटचा संदेश जपून ठेवावा ही खूण) पुन्हा: पातळीला हवाच, पंपाच्या आदेशाला कधीच नको. नाहीतर वीज जाऊन आली की जुना ‘चालू’ आदेश नोडला पुन्हा मिळतो. अडकलेला आदेश काढायला ‘मॉस्किटो_पब’ कमांडमध्ये त्याच टॉपिकवर ‘-आर -एन’, म्हणजे रिकामा रिटेन संदेश.

शिळा आदेश ओळखता यावा म्हणून आदेशात टाइमस्टॅम्प (वेळेची नोंद) घालायचा बेत होता. लिहिता लिहिता त्याहून सोपं सुचलं. आदेश पाठवणारा एमक्यूटीटीची ५ ही आवृत्ती बोलत असेल तर तो मेसेज एक्सपायरी (संदेशाची मुदत) २० सेकंद देऊ शकतो. रांगेतला शिळा आदेश ब्रोकरच टाकून देईल आणि नोड जुन्या ३.१.१ आवृत्तीवरच राहू शकतो. पबसबक्लायंट (नोडच्या कोडमधली एमक्यूटीटीची लायब्ररी) बदलायची गरज नाही. आधी हेच करून पाहू.

सेन्सरबाबत मत पक्कं झालंय. जेएसएन-एसआर०४टी या अंतर मोजणाऱ्या सेन्सरला जवळचं २० ते २५ सेंटीमीटर दिसत नाही आणि टाकी भरत आली की नेमकं तेच लागतं. ए०२वायवाययूडब्ल्यू हा दुसरा सेन्सर ३ सेंटीमीटरपासून मोजतो आणि यूआर्टवर (सिरीयल जोडणीवर) ९६०० बॉडच्या वेगाने थेट आकडा देतो. महाग आहे, पण पाण्याच्या टाकीला हाच घ्यावा. हौदावर पहिला बसवतोय.