तुम्ही विचारलंत म्हणून: मग ते जातं कुठे?

"तुम्ही पाण्यातली औषधं नष्ट करता म्हणे. मग ती जातात कुठे?" हा प्रश्न मला ठाण्यातील आमच्या सोसायटीच्या जिन्यात, लग्नाच्या पंगतीत आणि महाविद्यालयांतील व्याख्यानांनंतर इतक्या वेळा विचारला गेला आहे की, अनेक वर्षे मी त्याला एकच ठरलेले उत्तर देत आले: "त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं." विचारणाऱ्याचे समाधान होई आणि मीही सुटत असे. समीकरण म्हणून ते उत्तर बरोबर आहे. नवी मुंबईतील आमच्या प्रयोगशाळेच्या काचपात्रात मात्र ते पूर्णपणे खरे होताना मी क्वचितच पाहिले आहे.

माझे बरेचसे काम डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधावर झाले. हे औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडे मेली, त्यामुळे हे नाव सर्वांना माहीत झाले आणि 2006 साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर आपल्याकडे बंदी आली. माणसांसाठी ते आहेच, आणि असायलाही हवे. माझ्या आईचे गुडघे त्याच मलमावर चालतात. रात्री चोळलेल्या मलमाचा अगदी थोडा भाग त्वचेतून आत जातो आणि उरलेला सकाळच्या आंघोळीबरोबर मोरीतून मलप्रक्रिया केंद्राकडे जातो. तिथले जिवाणू आपली विष्ठा, साबण, खरकटे यांवर चांगले पोसतात, परंतु दोन क्लोरीन अणू असलेला हा रेणू त्यांना सहजासहजी पचत नाही. त्यामुळे त्याचा बराचसा भाग प्रक्रिया केलेल्या पाण्याबरोबर तसाच पुढे जातो. त्याचे प्रमाण लिटरमागे नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅम इतके सूक्ष्म असते, म्हणून "एवढ्याशाने काय होणार?" हा दुसरा प्रश्नही मला नेहमी ऐकावा लागतो. माशांची मूत्रपिंडे आणि कल्ले अशाच, मायक्रोग्रॅमच्या मोजमापातल्या प्रमाणांना बिघडल्याची निरीक्षणे आहेत, एवढेच इथे सांगते.

आमची पद्धत अशी की पाण्यात टायटॅनियम डायऑक्साइडची बारीक भुकटी मिसळून त्यावर अतिनील प्रकाश सोडायचा. त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. मायक्रोसेकंदाहूनही कमी आयुष्य असलेले हे कण समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतात. त्यांना औषध आणि अन्य पदार्थ असा भेद कळत नाही. हाच त्यांचा गुण आहे आणि हीच अडचणही आहे.

दहा-अकरा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील एका दुपारी मी आणि माझी विद्यार्थिनी दिव्याखाली तासभर ढवळलेल्या द्रावणाचे नमुने गाळून लहान कुप्यांमध्ये भरत होतो. दर दहा मिनिटांनी घेतलेल्या नमुन्यांमध्ये डायक्लोफिनॅकचे शिखर क्रोमॅटोग्राफच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर बुटके होत होत शेवटच्या नमुन्यात दिसेनासे झाले होते. शोधनिबंधाचे शीर्षकसुद्धा आमचे ठरले होते, आणि त्यात 'संपूर्ण' हा शब्द होता. तेवढ्यात काचसामान धुवायला आमचे प्रयोगशाळा सहायक आले. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू. त्यांनी पहिली आणि शेवटची कुपी उचलून खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरली आणि म्हणाले, "मॅडम, आधीचं पाणी नितळ होतं. हे तर कोऱ्या चहात पाणी घातल्यासारखं पिवळट दिसतंय. ह्याला साफ झालं कसं म्हणायचं?"

मी त्यांना म्हणाले, "मामा, ते मशीनवर कळतं, डोळ्यांनी नाही." विद्यार्थिनीसमोर म्हणाले, आणि ज्या स्वरात म्हणाले तो मला आजही ऐकू येतो. त्यांनी कुप्या जागेवर ठेवल्या आणि नळ सोडला.

तो रंग मलाही दिसला होता. वहीत मी त्याची नोंद केली नव्हती.

तीन महिन्यांनी निबंधाच्या परीक्षकांनी तोच प्रश्न वेगळ्या भाषेत विचारला: औषध नाहीसे झाले असेल, तर त्यातल्या कार्बनचा हिशेब द्या. एकूण सेंद्रिय कार्बन मोजण्याचे यंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हते, म्हणून बर्फाच्या डब्यात नव्या कुप्या घेऊन आम्ही दोघी दुसऱ्या संस्थेत गेलो. अर्ध्याहून अधिक कार्बन पाण्यातच होता. पाणी विषारी असेल तर ज्यांचा उजेड मंदावतो अशा, प्रकाश देणाऱ्या सागरी जिवाणूंवर चाचणी केली, तेव्हा अर्ध्या तासाच्या नमुन्याने त्यांचा उजेड मूळ औषधापेक्षा जास्त मंदावला. घडले होते ते असे: अतिनील प्रकाशात डायक्लोफिनॅकमधून क्लोरीन निसटतो, त्याची दोन वलये एकमेकांना जोडली जाऊन कार्बाझोल वर्गातील संयुगे बनतात आणि त्यांपैकी काही पुढे एकमेकांना चिकटून पाण्याला रंग देतात. ही संयुगे आमच्या जुन्या आलेखांतही होती. पहिल्या काही मिनिटांत, डाव्या कडेला, लहान लहान शिखरे होती. आकृती सुबक दिसावी म्हणून ती कडा मी कापली होती.

निबंध मागे घेतला. विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती संपत आली होती आणि तिचा प्रबंध जवळपास वर्षभर लांबला. त्या वर्षात ती माझ्याशी कामापुरतेच बोलत असे, आणि तिचा राग मला रास्त वाटतो. मामा पुढच्या मे महिन्यात निवृत्त झाले. निरोप समारंभात मी त्यांना शाल-श्रीफळ दिले, त्यांच्या वक्तशीरपणाबद्दल चार वाक्ये बोलले आणि त्या कुपीबद्दल काहीच बोलले नाही.

मग हे सगळे संशोधन निरुपयोगी आहे का, असेही मला विचारतात, आणि त्या वेळी मात्र मला राग येतो. स्वित्झर्लंडने 2016 पासून निवडक मलप्रक्रिया केंद्रांना असे सूक्ष्म प्रदूषक 80 टक्के काढण्याचे बंधन घातले आहे. तिथे ओझोन किंवा सक्रिय कोळसा वापरतात आणि ओझोननंतर पाणी सामान्यतः वाळूच्या गाळणीतून नेतात, म्हणजे वाळूवरचे जिवाणू अर्धवट तुटलेले रेणू खातात. अर्धवट तुटणे हे अपयशच असते असे नाही. एरवी जे जिवाणूंना पचत नाही ते पचेल इतके तुटले, तरी पुरे असते. हे मला त्या दुपारी माहीत असते, तर 'संपूर्ण' या शब्दाची मला गरजच पडली नसती.

तरीही ती पद्धत जशीच्या तशी इथे आणा, असे मी म्हणू शकत नाही. खाडीकाठच्या नाल्यांत भरतीचे पाणी चढते आणि त्याबरोबर समुद्रातील ब्रोमाइड येते. त्यावर ओझोन सोडला की ब्रोमेट हे घातक संयुग बनते, ज्याची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. आमच्या दिव्याचेही तसेच आहे. ऊर्ध्वपातित पाण्यात जे तासात होते, ते खऱ्या सांडपाण्यात होत नाही, कारण बायकार्बोनेट आणि विरघळलेले सेंद्रिय पदार्थच बहुतेक रॅडिकल खाऊन टाकतात. शिवाय त्या काळात आम्ही लिटरमागे 10 मिलिग्रॅम औषध घालून प्रयोग करत होतो, म्हणजे खाडीत सापडते त्याच्या हजारो पट. तेवढे घातले नसते, तर मामांना रंग दिसला नसता आणि माझी आकृती कदाचित तशीच छापून आली असती. माझ्यातली तेव्हाची संशोधिका म्हणते की मोजता यावे म्हणून जास्त घालावेच लागते. तिचे म्हणणे मला खोडता येत नाही आणि पटतही नाही.

आता वहीत प्रत्येक नमुन्यासमोर औषध, कार्बन आणि जिवाणूंचा उजेड असे तीन रकाने असतात, आणि चौथा रंगाचा. गेल्या आठवड्यात ऐरोलीच्या बाजूने आणलेल्या सांडपाण्यात औषध घालून आम्ही दिवा एकऐवजी तीन तास चालू ठेवला. विजेचा खर्च पाहता कोणतीही महापालिका तो तसा चालवणार नाही. औषधाचे शिखर पाऊण तासात गेले. रंग दुसऱ्या तासाच्या शेवटी गेला. तिसऱ्या तासानंतरही जिवाणू पूर्वीइतके उजळले नव्हते.