पितळी निपल

"चेन नवी टाकली आणि त्या दिवसापासून चढावर जोर दिला की कट्‌कन घसरते. चेनच डिफेक्टिव्ह दिसतेय," गिऱ्हाईक म्हणालं.

सायकल स्टँडवर चढवली. चेनवर झीज मोजायचं गेज लावून पाहिलं, ते आत उतरेना. म्हणजे चेन खरंच कोरी होती. कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा, मात्र गेलेली. नऊपैकी मधल्या तीन चकत्यांचे दात एका अंगाने खाल्ले जाऊन विळ्याच्या टोकासारखे झाले होते. ११ दातांची सगळ्यात लहान चकती जवळपास जशीच्या तशी. कुणीतरी मरायला टेकलेल्या चेनवर हे चाक कित्येक महिने दामटलं होतं.

हे समजावता समजावता माझा घसा बसतो. 'चेन ताणली' असं आपण म्हणतो, पण पट्ट्या काही ताणत नाहीत. सांध्यातल्या पिना आणि त्यांची भोकं झिजतात. सांध्यापासून सांधा अर्धा इंच. ०.७५ टक्के झीज म्हणजे एक फूट लांबीत जेमतेम सव्वादोन मिलिमीटर. डोळ्यांना काय दिसणार? पण ही लांबलेली चेन कॅसेटचे दात घासून घासून आपल्या मापाचे करून घेते. दोघं बरोबरीने झिजले की कुरकुर नाही, संसार चालू राहतो. नवी चेन घरात आली की भांडण.

"चाक तुमचंच का?" मी विचारलं.

"नाही हो, मित्राचं. माझं वाकलं तेव्हा त्याने दिलं. म्हणाला, निवांत वापर."

आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, बघायला चाक फिरवलं आणि हात थांबला. आरे रिमला धरून ठेवणारी सगळी निपल काळी, व्हॉल्व्हपासून तिसरं तेवढं पितळी. ते मीच बसवलं होतं, काळं संपलं होतं म्हणून. हे माझं चाक! आठ महिन्यांपूर्वी एका मित्राला रविवारच्या राइडपुरतं दिलेलं, कोऱ्या कॅसेटसकट.

बाजूला जाऊन मित्राला फोन लावला.

"तुझं चाक ना? घरीच आहे रे, बाल्कनीत झाकून ठेवलंय. संध्याकाळी आणतो."

त्या निर्लज्जपणावर काय बोलावं सुचेना. (माझ्या फळीवर त्याचा टॉर्क पाना आहे. किती वर्षं, ते विचारू नका.)

गिऱ्हाइकाला चाकाबद्दल काही सांगितलं नाही, फक्त कॅसेट गेलीय म्हटलं. तो बिचारा म्हणाला, "पैसे मी देतो, पण त्याला कळू देऊ नका. वाईट वाटेल त्याला." कॅसेट बदलून दिली, मजुरी घेतली नाही. माझ्याच चाकावर बसून तो गेला.

संध्याकाळी मित्र आला, खांद्यावर चाक घेऊन. खरंच पुसूनबिसून आणलेलं. रिम काळी, निपल काळी, एकूण एक. कॅसेट आठ चकत्यांची.

"हे माझं नाही," मी म्हटलं.

"असं कसं? बाल्कनीत हेच होतं." त्याने चाक उलटसुलट केलं. चेहरा इतका खरा गोंधळलेला, की माझा रागच ओसरला. "मग मी त्याला दिलं ते कुठलं?"

ते आठचं चाक अजून माझ्याकडे भिंतीला टेकून उभं आहे. कुणाचं, ते त्याला आठवत नाही.