हिवाळ्यात लेक डिस्ट्रिक्टला जाताय? हार्डनॉट खिंडीत गाडी घालू नका

या हिवाळ्यात आम्ही नवरा-बायको ब्रिटनमध्ये बरंच हिंडलो. यॉर्क, बाथ, एडिंबरा मजेत झालं. त्यांची माहिती कुठेही मिळते, म्हणून त्यावर लिहीत नाही. लिहायचंय ते लेक डिस्ट्रिक्टमधल्या, म्हणजे इंग्लंडच्या वायव्येकडच्या तळ्या-डोंगरांच्या भागातल्या, एका रस्त्याबद्दल. अँबलसाइड गावाहून एस्कडेल खोऱ्यात जाणारा हा रस्ता, कारण तिथे काय वाढून ठेवलंय हे आम्हाला कुणीही धड सांगितलं नाही.

आम्हाला वास्टवॉटर बघायचं होतं. इंग्लंडमधलं सगळ्यात खोल तळं, ७९ मीटर, आणि त्याच्या टोकाला ९७८ मीटरचं स्कॅफेल पाइक हे शिखर. फोनवरच्या नकाशाने सर्वांत जवळचा रस्ता दाखवला तो रायनोज आणि हार्डनॉट या दोन खिंडींतून. मुक्कामाच्या ठिकाणी विचारलं, तर "अरुंद आहे, पण फार सुंदर आहे" एवढंच उत्तर मिळालं. जानेवारी महिना, रात्री पारा शून्याखाली गेलेला, हे त्यांनाही दिसत होतंच की!

रायनोज कशीबशी पार पडली. हार्डनॉटचा चढही पहिल्या गिअरमध्ये चढलो. घात झाला तो पलीकडे उतरताना. हा उतार पश्चिमेकडचा, त्यामुळे सकाळचे साडेदहा वाजले तरी तिथे ऊन पोचलेलं नव्हतं. डोंगरातून झिरपलेलं पाणी रस्त्यावर येऊन गोठलं होतं. काळ्या डांबरावर पारदर्शक बर्फ, गाडीतून अजिबात दिसत नाही. चढ-उतार तीनास एक, म्हणजे तीन फूट पुढे गेलात की एक फूट खाली. त्यात एकामागून एक हेअरपिनसारखी वळणं, आणि रुंदी एका गाडीपुरती.

दुसऱ्या वळणावर ब्रेकवर पाय नसतानाही गाडी सरकली. मी स्टिअरिंग धरून तशीच थांबले. नवरा उतरला, बुटाच्या टाचेने रस्ता घासत पुढे गेला आणि कुठे डांबर लागतंय, कुठे बर्फ, ते हाताने दाखवत राहिला. एका ठिकाणी दोन्ही बाजूंना बर्फच होता. तिथे गाडीतली पायपुसणी काढून पुढच्या चाकांखाली घातली, गाडी त्यांच्यावरून नेली, पुन्हा उचलली, पुन्हा घातली. तेवढ्यात खालून एक जीप आली. चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावी असा इथला नियम, पण आम्हाला मागे घेणं शक्यच नव्हतं. तो बिचारा समजूतदार निघाला, स्वतःच मागे गेला. नंतर कितीतरी वेळ माझे हात थरथरत होते.

वरंधा, कुंभार्ली रात्री पावसात चालवलेला माणूसही इथे काही करू शकत नाही, कारण प्रश्न कौशल्याचा नाही, टायरचा आहे. ब्रिटनमध्ये हिवाळी टायरची सक्ती नाही. भाड्याच्या गाडीला सहसा साधेच टायर असतात. खिंडीच्या तोंडाशी पाटी आहे, हिवाळी हवामानात हा रस्ता कुठल्याच वाहनाला योग्य नाही अशा अर्थाची. नकाशाच्या ॲपला ती पाटी वाचता येत नाही. तेव्हा नोव्हेंबर ते मार्च हा रस्ता नाहीच असं धरा. ब्रॉटन-इन-फर्नेस गावावरून वळसा घालून जा, अंतर बरंच वाढतं, वाढू दे. चुकून रायनोज ओलांडून आलात, तर कॉकली बेकच्या पुलापाशी हार्डनॉटकडे न वळता डावीकडे डडन खोऱ्यात उतरा, तो रस्ता ब्रॉटनला जातो. आणि हार्डनॉटच्या उतारावरचा रोमन किल्ला, हेड्रियन बादशहाच्या काळातला, बघायचाच असेल तर गाडी एस्कडेलमध्ये खाली लावून चालत वर या. किल्ला खरंच बघण्यासारखा आहे, मला मात्र त्या दिवशी त्याच्याकडे बघावंसंही वाटलं नाही.

दुसरा फटका पार्किंगचा. एका खाजगी पार्किंगमध्ये यंत्र बंद, पाटीवर "ॲपने पैसे भरा", आणि दरीत मोबाइलला रेंज शून्य. नंबरप्लेट टिपणारा कॅमेरा मात्र चालू. १०० पौंडांची नोटीस आली, १४ दिवसांत भरले तर ६०. आम्ही बंद यंत्राचा फोटो काढून ठेवला होता, तो जोडून हरकत घेतली, नोटीस रद्द झाली. पण गाडी देणाऱ्या कंपनीने आमचं नाव-पत्ता पुढे कळवण्याचे वेगळे पैसे कापले, ते गेले ते गेलेच. फोटो काढल्याशिवाय गाडीपासून हलू नका.

खरं म्हणजे लेक डिस्ट्रिक्टमधल्या केसिक गावात मुक्काम करणार असाल तर गाडी घेऊच नका. पेनरिथला रेल्वेने या, तिथून केसिकची बस आहे. केसिक, ग्रासमिअर, अँबलसाइड, विंडरमिअर ही सगळी गावं ५५५ नंबरची बस जोडते. इंग्लंडमध्ये सध्या बहुतेक बसचं एकेरी भाडं ३ पौंडांच्या वर जात नाही. केसिकहून कॅटबेल्स हा डोंगर करा. उंची फक्त ४५१ मीटर, राजगड करणाऱ्याला चढ काहीच नाही, पण माथ्याखाली खडकावर हात टेकून चढावं लागतं, म्हणून बुटांना लावायचे काटे न्या. वर पोचलो तेव्हा बर्फावर ऊन, खाली डरवेंटवॉटर तळं, आणि आसपास चिटपाखरू नाही. आदल्या दिवसाचा सगळा शीण उतरला. हे एकच केलंत तरी लेक डिस्ट्रिक्ट वसूल! फक्त दुपारी दोनला परतीला लागा. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, जानेवारीतही फार फरक नाही.

स्कॉटलंडबद्दल एवढंच. ग्लेनफिननच्या रेल्वेपुलावरची वाफेची गाडी उन्हाळी हंगामातली आहे. जानेवारीत तिच्या नावाने सहल विकणाऱ्याला पैसे देऊ नका, रस्त्यावरून रिकामा पूल दाखवून परत आणतात. त्याच पुलाच्या २१ कमानींवरून फोर्ट विल्यमहून मॅलेगला जाणारी साधी रेल्वे बारा महिने धावते. टू टुगेदर रेलकार्ड काढलंत तर दोघांना तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते, मात्र सोमवार ते शुक्रवार साडेनऊच्या आधी ते चालत नाही. अंधार पडायच्या आत परतता येईल अशी गाडी धरा आणि फोर्ट विल्यमहून निघताना डावीकडची खिडकी पकडा.