कंपनी नका विचारू, प्रोजेक्ट विचारा

नागपूरच्या मिहानमधल्या एका मोठ्या आयटी कंपनीत काम करून राहिलो मी, नाव सांगत नाही, एचआरवाले पण वाचतात भाऊ. नात्यातल्या पोरांचं कॅम्पसमध्ये सिलेक्शन झालं की फोन येतो, दादा कंपनी कशी आहे? आता काय सांगू, एकाच फ्लोअरवर एक टीम सहाला लॅपटॉप बंद करून खापरीहून मेट्रो पकडते आणि शेजारच्या रांगेतले रात्री दहालाही क्लायंटला समजावत बसलेले असतात. आयडी कार्ड सेम, पगार पण जवळपास सेम. फरक फक्त प्रोजेक्टचा आणि मॅनेजरचा.

आणि प्रोजेक्ट काही आपण निवडत नाही. जावा शिकून आलेल्या पोराला टेस्टिंगमध्ये टाकतात कारण त्या आठवड्यात रिक्वायरमेंट तिथली होती, नाही म्हटलं की बेंच, म्हणजे प्रोजेक्टशिवाय नुसतं बसणं. बेंचवर सुरुवातीला मजा येते, खोटं कशाला बोलू, मग आरएमजीचे, म्हणजे माणसं प्रोजेक्टवर लावणाऱ्या टीमचे, मेल सुरू होतात, पुण्याला जाशील का, चेन्नईला जाशील का. घरचं जेवण आणि भाडं नाही म्हणून ज्याने नागपूर घेतलं त्याला हे जास्तच लागतं. इथे प्रोजेक्ट कमी, आमचे मॅनेजर सगळे पुण्यात, म्हणजे मे महिन्यात ४५ डिग्रीत मिहानला जायचं आणि तिथे बसून टीम्सच्या व्हिडिओ कॉलवर पुण्याशीच बोलायचं.

रेटिंगचं तर विचारूच नका. वर्षभर घासा, रिलीज वेळेवर द्या, शेवटी मॅनेजर म्हणतो, "काम तुझं एक नंबर रे, पण नॉर्मलायझेशनमध्ये नाही बसलं." म्हणजे कुठलं रेटिंग किती जणांना ते आधीच ठरलेलं, टीममध्ये कोणाला तरी खालचं द्यायचंच असते, मग जो नुकताच आला किंवा जो सोडून जाणार नाही अशी खात्री आहे तोच सापडतो. मायक्रोसॉफ्टने असलं सक्तीचं रँकिंग २०१३ मध्ये बंद केलं, आमच्याकडे नाव बदलून चालूच आहे.

ऑफर लेटरमधला सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, बघून पेढे वाटू नका लगेच. त्यात कंपनीचा १२ टक्के पीएफ असतो, बरेचदा बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी पण धरलेली असते, जी परमनंट माणसाला पाच वर्षं टिकल्यावर मिळते, आणि व्हेरिएबल, म्हणजे पगाराचा कमी-जास्त होणारा भाग, कंपनीच्या मर्जीवर. नोटीस पिरियड ९० दिवस. नवी कंपनी म्हणते महिन्यात ये, जुनी म्हणते आधी केटी दे, म्हणजे तुझं काम दुसऱ्याला समजावून दे, मधे लटकलेले तुम्ही.

मग सोडत का नाही बे, असं मित्र विचारतात. पगार तारखेला येतो, आईबाबांचा मेडिक्लेम आहे, टीम चांगली आहे, आणि संध्याकाळी घरी जेवतो. एवढं पुरते मला सध्या.

तुम्ही जॉइन व्हायच्या आधी क्लायंट कुठला तेवढं विचारा. अमेरिकेचा असेल तर नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, आपला रात्री आठचा कॉल नऊला सरकतो, आणि नेमके तेव्हाच इकडे लग्नाचे रिसेप्शन सुरू होतात.