कूलर, तानपुरा आणि एमए म्युझिक

संगीतात एमए करतोय म्हटलं की नागपुरात पुढचा प्रश्न ठरलेला, "हाव का, मंग नोकरी कुठं लागते?" आणि त्याच्या मागोमाग "एखादं गाणं म्हण ना बाप्पा." दोन्हीला मी आता नुसता हसतो. पण इथं नेमकं शिकतो काय असं कोणी विचारलं तर सांगेन, तानपुरा लावायला.

सिलॅबस तसा भरपूर आहे. दहा थाट, बावीस श्रुती, भातखंडे आणि पलुस्करांच्या स्वरलिपीतला फरक, शारंगदेवाचा संगीतरत्नाकर (हा तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे दौलताबादला लिहिला गेला हे कळल्यापासून तो पेपर मला जरा घरचा वाटतो). हे सगळं रात्रभर जागून पाठ करता येतं, आम्ही करतोच. तानपुऱ्याला मात्र वेगळे मार्क नाहीत म्हणून सगळे तिथं घाई करतात, मोबाइलवर ॲप लावलं की झालं.

चार तारा असतात. पंचम, दोन जोडाच्या (दोन्ही एकाच षड्जावर), आणि खर्ज, म्हणजे खालचा षड्ज. मालकंस रागात पंचमच नाही म्हणून पहिली तार मध्यमावर, मारवा रागाला निषादावर. सांगायला एवढंच आहे. पण जोड आणि खर्ज खरंच मिळाले की खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार वर येतो, मला पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मी मागे वळून विचारलं होतं, कोण गाऊन राहिलं बे? मग घोडीवर (तारा टेकतात ती पट्टी) तारेखाली असलेला सुती दोरा, तो केसभर पुढे केला की जवारी, म्हणजे तारेची गुंजन, खुलते आणि आणखी केसभर गेला की तार बद्द बोलते. सर तो दोरा नखानं सरकवतात, तारेकडे बघतसुद्धा नाहीत, खिडकीबाहेर बघत असतात.

आणि हा गंधार एकदा कानात बसला की पेटीची पंचाईत होते. पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो, सेंट म्हणजे एका सेमीटोनचा, पेटीच्या दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचा, शंभरावा भाग, ऐकायला किरकोळ वाटतं पण यमनात गंधारावर थांबलात की टोचतं. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटी बाहेर ठेवली होती, त्याची कारणं बरीच होती, पण त्यातलं एक मला आता पटतं. तरी साथीला पेटी हवीच, तिच्याशिवाय आमच्यातले निम्मे लोक तोंड उघडणार नाहीत.

आता नागपूरचा खास प्रॉब्लेम. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री, खोलीत लोखंडी कूलर, वाळ्याच्या ताट्या टपकून राहिल्या. कूलर बंद असला की कोरड्या हवेनं खुंट्या सैल होऊन घसरतात म्हणून त्यांना खडू लावायचा, तबल्याची पुडी (वरचं कातडं) ताणून चढते. कूलर चालू केला की अर्ध्या तासात दमट हवेनं तबला उतरतो, खुंटी फुगून जाम होते आणि कूलरची मोटर स्वतःचाच एक षड्ज धरून बसते, जो कोणाच्याच पट्टीत नसतो. मुली काळी चार पट्टीला, आम्ही काळी एकला, प्रत्येक वेळी पुन्हा सगळं लावा. शेवटी आमचं असं ठरलं की संथ, विलंबित ख्यालाला कूलर बंद आणि जलद तराण्याला चालू. तबलेवाला म्हणतो हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि त्याचं बरोबरच आहे.

उन्हाळी परीक्षेच्या प्रॅक्टिकलला बाहेरून आलेले परीक्षक आत शिरल्या शिरल्या म्हणाले, आधी तो कूलर फुल करा. माझा मारवा होता, ज्यात षड्ज जेमतेमच लावायचा असतो.

यंदा ॲडमिशन घेणाऱ्यांनो, बॅगेत खडूचा तुकडा आणि दोऱ्याचं रीळ ठेवा. डिपार्टमेंटमधलं वेळेवर कधीच सापडत नाही.